शेक नको, पेन आणा

यंदा थंडी लवकर पडली. म्हसरूळला आमच्या गच्चीवर सकाळी आठपर्यंत ऊन येत नाही, म्हणून या महिन्याची पत्रं मी ओट्याशेजारी पाट टाकून वाचली. नऊ पत्रं, त्यातली सहा लसीनंतरच्या सुजेची. सगळ्यांना जागा नाही, त्यामुळे चार घेतली आहेत. सदर नव्याने वाचणाऱ्यांना सांगून ठेवते की मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात नर्सबाई होते, आधी दिंडोरी तालुक्यात, मग नाशिक तालुक्यात. २०१८ साली निवृत्त झाले. बाळांच्या मांड्या मात्र डॉक्टरांपेक्षा जास्त पाहिल्या असतील.

पत्र : सिस्टर, आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा अठरा महिन्यांचा आहे, वजन साडेदहा किलो. काल सकाळी त्याला डाव्या मांडीत डीपीटीचा बूस्टर आणि उजव्या दंडात गोवर-रुबेलाची दुसरी लस दिली, पोलिओचे थेंबही पाजले. रात्री १०१ ताप होता. आज डावी मांडी लाल, गरम आणि कडक लागते आहे. पाय टेकवतच नाही, उभं केलं की रडत खाली बसतो. सासूबाई विटेचा शेक द्यायचा म्हणतात. त्यांनी त्यांच्या दोन्ही मुलांना तसाच दिला होता. मी गार फडक्याचं नाव काढलं तर म्हणाल्या, ‘या थंडीत? छातीत कफ भरेल.’ घरातलं तापाचं औषध संपलं म्हणून मिस्टरांनी मेडिकलमधून दुसरं आणलं, पण ही बाटली वेगळी आहे, अगदी छोटी. आधीचं पाच मिली देत होतो, हेही तेवढंच द्यायचं ना? आणि एवढा त्रास होणार असेल तर पाचव्या वर्षीची लस द्यायचीच नाही, असं यांचं म्हणणं आहे.

उत्तर : तुला सरळ अगं-तुगं करते, माझी सून तुझ्याच वयाची आहे. तुझं पत्र संपादकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. मासिक निघेपर्यंत सूज काही वाट बघत बसत नाही, म्हणून मी लगेच फोन केला. तेव्हा जे बोलले तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

फोनवर पहिल्यांदा बाटलीचं विचारलं होतं, आठवतं? मांडीपेक्षा मला त्या बाटलीचीच भीती जास्त वाटली. पॅरासिटामॉल एकच, पण ते तीन-चार ताकदींत मिळतं. तुझ्या घरातल्या सिरपच्या पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध होतं. दुसरं एक सिरप पाच मिलीत २५० चं येतं, म्हणजे दुप्पट. आणि मिस्टरांनी आणली ती छोटी बाटली ड्रॉप्सची, तिच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम. त्यातलं पाच मिली म्हणजे ५००. साडेदहा किलोच्या पोराला मोठ्या माणसाची अख्खी गोळी झाली की! एका वेळेचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याला साधारण १०५ ते १५५. जुन्या सिरपचं पाच मिली बरोबरच होतं. ड्रॉप्सचं मात्र एक ते दीड मिली, तेही सोबतच्या ड्रॉपरने मोजून, चहाच्या चमच्याने नाही. दोन डोसांत निदान चार ते सहा तास जाऊ द्यायचे आणि चोवीस तासांत चारच्या वर डोस नाहीत. सर्दीचं वेगळं औषध चालू असेल तर त्याच्या लेबलवर पॅरासिटामॉल लिहिलंय का ते बघायचं, नाहीतर नकळत दुप्पट होतं. तुमच्या डॉक्टरांकडून एकदा वजनाप्रमाणे डोस लिहून घे आणि तो कागद फ्रिजवर चिकटव. वजन वाढलं की आकडा बदलतो.

ताप उतरवायला म्हणून आयबुप्रोफेन, किंवा दोन औषधं एकत्र केलेलं सिरप, मनाने देऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यापासून डेंग्यूचे पेशंट असतात, त्यात ते औषध घातक ठरू शकतं. लहान मुलाला अ‍ॅस्पिरिन तर कधीच नाही. आणि पॅरासिटामॉल थर्मामीटरकडे बघून देऊ नये, पोराकडे बघून द्यावं. १०० ताप असून खेळतोय, तर राहू दे. ताप नाही पण मांडी दुखते म्हणून दूध घेत नाही, झोपत नाही, तर दे.

आता शेक. सासूबाईंना वेड्यात काढू नकोस, कारण हीच चूक मी नर्स असून केली आहे. १९८९ ची गोष्ट. माझा मोठा मुलगा तुझ्या मुलाएवढाच होता. लस मीच टोचली आणि दुसऱ्या गावाच्या लसीकरणाच्या सत्राला निघून गेले. संध्याकाळी घरी आले तर सासूबाई तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी त्याच्या मांडीवर धरून बसलेल्या, पोर किंचाळतंय. मला वाटलं, लसीनेच रडतोय. सून म्हणून बोलायचा धीरही झाला नाही. सकाळी बघते तर सुजेवर फोड. आज त्याने पस्तिशी ओलांडली आहे आणि मांडीवर चार आण्याएवढा डाग आहे. लसीचा डाग नाही तो, मिठाचा आहे.

सूज येते कशी ते समजलं की शेक का नको ते आपोआप कळतं. डीपीटीत डांग्या खोकल्याचे मेलेले जंतू असतात, घटसर आणि धनुर्वाताचं निर्विष केलेलं विष असतं, आणि लस एकाच जागी थोडा वेळ धरून ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो. शरीराच्या पेशी तिथे गोळा होतात, रक्त जास्त येतं, म्हणून ती जागा लाल, गरम आणि टणक होते. बूस्टरच्या वेळी शरीर या पाहुण्याला आधीपासून ओळखत असतं, त्यामुळे ते जास्त जोराने धावून येतं. दीड महिन्याचा असताना इतकी सुजली नव्हती आणि आता का, याचं उत्तर हेच. तिथे आधीच गरम आहे, त्यात वीट ठेवून काय मिळवायचं? चोळायचंही नाही. तेल नको, आंबेहळद-तुरटीचा लेप नको, बाम नको. बाम तर लहान मुलाच्या हाताला लागून डोळ्यात जातो.

गार फडकं म्हटल्यावर सासूबाईंच्या डोळ्यांपुढे बर्फ आला असणार. बर्फ नकोच, तो उघड्या कातडीवर ठेवला तर तोही भाजतो. नळाच्या पाण्यात सुती फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं, मांडीवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. दिवसातून तीन-चारदा पुरे. खोलीची दारं-खिडक्या लावा, अंगात स्वेटर, डोक्याला टोपरं असू दे, उघडी फक्त तेवढी मांडी. पाण्याचा गारवा मांडीवर राहतो, छातीपर्यंत जात नाही. आणि हे काम सासूबाईंनाच दे. आजीच्या मांडीवर पोर दहा मिनिटं पडून राहतं, आईच्या मांडीवर ते दूध मागतं. कोमट पाण्याने रोजची अंघोळ घालायला काही हरकत नाही, फक्त मांडी घासू नका.

मग पेन. साधं बॉलपेन घे आणि लाल जागा जिथे संपते तिथे कडेने रेघ मार, शेजारी वेळ लिही. मी दिंडोरीत असताना खिशात नेहमी पेन ठेवायचे आणि आयांना मांडीवरची रेघ दाखवून यायचे. सूज वाढली की कमी झाली यावर घरात तीन माणसांची चार मतं होतात. रेघेपुढे वाद उरत नाही. लसीची सूज पहिल्याच दिवशी सुरू होते, दुसऱ्या दिवसापर्यंत सर्वांत जास्त असते, तिसऱ्या दिवशी रेघेच्या आत यायला लागते. जंतूंची लागण झाली असेल तर उलटं होतं. आधी सारं शांत आणि मग तीन-चार दिवसांनी जागा तापते, फुगते, दाबलं तर आत पाणी असल्यासारखी मऊ लागते. तसं दिसलं की डॉक्टरकडे. कधीकधी बूस्टरनंतर कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंत अख्खी मांडी सुजते. बघणाऱ्याला धडकी भरते, पोर मात्र त्या मानाने बरं असतं आणि काही दिवसांत सूज आपसूक उतरते. तरी एवढी सूज एकदा डॉक्टरांना दाखवावीच.

अजून एक कुणी सांगत नाही ते. तू त्याला कडेवर कशी घेतेस? डाव्या कडेवर घेतलंस तर त्याची डावी मांडी तुझ्या पोटाकडे येते आणि सावरताना तुझा पंजा नेमका टोचल्या जागेवर बसतो. दोन दिवस त्याला आडवा घे किंवा खांद्यावर घे. डायपरचं इलॅस्टिक मांडीला कुठे रुतत असेल तर घरात असताना काढून टाक, सैल लंगोट किंवा लेंगा घाल. चालायला लावू नकोस, पण चालायला लागला तर अडवूही नकोस. पाय हलल्याने सूज वाढत नाही.

सूज उतरल्यावर आत बोराएवढी गाठ राहिली तर घाबरू नकोस. दुखत नसेल, लाल नसेल, तर ती काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही राहते आणि विरघळून जाते. रोज दाबून बघायची नाही. आजूबाजूच्यांनाही हात लावू द्यायचा नाही.

थांबायचं कधी नाही, तेही सांगते. तीन तासांपेक्षा जास्त वेळ सलग, काही केल्या न थांबणारं रडं. १०२ च्या वर ताप किंवा दोन दिवसांनंतरही ताप. झटके. पोर लोळागोळा, फिकं, हाक मारली तरी डोळे न उघडणारं. सुजेतून पू, किंवा तिथून वर जाणारी लाल रेघ. तिसऱ्या दिवशीही पाय हलवायला तयार नसणं. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. अंगभर गांध्या, ओठ-चेहरा सुजणं, श्वासाला घरघर, हे तर टोचल्यापासून काही मिनिटांत होतं, म्हणून तर अर्धा तास बसवून ठेवतात. घरी आल्यावर झालं तर १०८ लावायचा.

दंडातल्या लसीबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण पुढच्या आठवड्यात विचारशील. गोवर-रुबेलाची लस उशिरा बोलते. पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान थोडा ताप आणि अंगावर बारीक पुरळ येऊ शकतं. दोन-तीन दिवसांत जातं. तेव्हा ‘कालच्या शेंगदाण्याची गरमी’ म्हणून पोराचं खाणं बंद करू नका.

आणि मिस्टरांना सांग, सूज आणि ताप ही पुढची लस टाळायची कारणं नाहीत. झटके आले, अंगभर गांध्या येऊन श्वास अडकला, असं काही झालं असतं तर डॉक्टरांनी बसून ठरवलं असतं. तुझ्या मुलाच्या कार्डावर त्या लसीच्या रकान्याशेजारी एवढंच लिहून ठेव: मांडी सुजली, ताप १०१, इतके दिवस. पाचव्या वर्षी टोचणाऱ्या बाईला ते वाचून दाखव. तेव्हा दंडात देतात. पुन्हा सूज येऊ शकते, पण घटसराने बंद होणारा घसा मी नोकरीच्या सुरुवातीला दोनदा पाहिला आहे. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

चौथ्या दिवशी तूच कळवलंस की सूज रेघेच्या आत अर्ध्यावर आली आणि पोरगं गॅलरीत मांजरामागे धावलं. सासूबाईंनी वीट परत कुंडीखाली ठेवली, हेही कळलं.

पत्र : आमची मुलगी पुढच्या आठवड्यात दीड महिन्याची होईल. गंगापूर रोडला आमच्या ओळखीत सगळे ‘पेनलेस’ लस घेतात. ती चांगली महाग आहे. सरकारी दवाखान्यातली लस कमी प्रतीची असते का? आणि जाण्याआधीच पॅरासिटामॉलचे थेंब पाजून नेलं तर त्रास होणार नाही ना?

उत्तर : ‘पेनलेस’ हे नाव ज्याने पाडलं त्याने कधी बाळ धरलेलं नसावं. सुई दोन्हीकडे सारखीच टोचते. फरक डांग्या खोकल्याच्या भागात आहे. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीत, अख्खे मेलेले जंतू असतात, त्यामुळे ताप आणि सूज जास्त. त्या महागड्या लसीत जंतूचे निवडक तुकडे असतात, त्यामुळे त्रास कमी, पण डांग्या खोकल्याविरुद्धचं तिचं संरक्षण लवकर ओसरतं. मग कमी प्रतीची कोणती म्हणायची? पैसे असतील आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी सुचवलं असेल तर ती घ्या, त्यात पाप नाही. पण ऐपत नसताना कर्ज काढून घेऊ नका आणि फुकट मिळते म्हणून सरकारी लसीला नाक मुरडू नका. माझ्या दोन्ही नातवंडांना सरकारीच दिली. एकाची मांडी सुजली, दुसऱ्याची नाही.

आधी औषध पाजून नेऊ नका. चेक प्रजासत्ताकात झालेला एक अभ्यास २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ज्या बाळांना लसीबरोबरच पॅरासिटामॉल सुरू केलं, त्यांना ताप कमी आला, पण काही लसींची प्रतिपिंडंही (रोगाशी लढणारी द्रव्यं) कमी तयार झाली. त्रास झाला तर नंतर द्यायचं. दीड महिन्याच्या बाळाचा डोस मात्र सिस्टर किंवा डॉक्टरांकडून मिलीत लिहून घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ च्या वर ताप दिसला तर ‘लसीचाच असेल’ असं आपणच न ठरवता डॉक्टरांना फोन करायचा.

त्या दिवशी तिला तीन सुया असतील: डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही आणि उजव्या दंडाच्या कातडीत पोलिओची एवढीशी. तोंडातून पोलिओ आणि जुलाबावरची रोटा. बाळाला टेबलावर आडवं पाडून चार हातांनी दाबू नका. आईने छातीशी धरून बसायचं आणि टोचत असताना अंगावर पाजायचं. दूध पाजताना टोचलं तर ठसका लागेल असं काही जणी म्हणतात. मी शेकडो बाळांना तसं टोचलं, एकालाही लागला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही २०१५ पासून हेच सांगते. जी लस जास्त झोंबते ती शेवटी द्या, असंही सांगते. सिस्टरांना विनंती करायला लाजू नका. गर्दी असेल तर त्या वैतागतील. मीही वैतागायचे.

पत्र : नात अडीच महिन्यांची आहे. जन्मानंतर डाव्या दंडावर दिलेल्या बीसीजीच्या (क्षयाच्या लसीच्या) जागी फोड येऊन पू झाला आहे. हळद भरतो, पण सुकत नाही. लस बिघडली का? – एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आजोबा, हळद आजपासून बंद. लस बिघडलेली नाही, ती काम करते आहे. बीसीजीची जागा पहिले दोन-तीन आठवडे गप्प असते. मग बारीक पुटकुळी येते, ती पिकते, फुटते, खपली धरते, पुन्हा फुटते. तीन महिन्यांच्या आसपास भरून येऊन तिथे वण राहतो. तुमच्या स्वतःच्या दंडावर असेल तर बाही वर करून बघा, अगदी तसाच. अंघोळीचं पाणी लागू द्या, सुती फडक्याने टिपा आणि उघडं सोडा. पावडर, मलम, पट्टी काही नको. पू दाबून काढायचा नाही. बाळाच्या डाव्या काखेत मात्र बोट फिरवून बघा. छोटी गाठ लागली तर नुसती लक्षात ठेवा. मोठी होत असेल, लाल झाली असेल किंवा जखम तीन महिन्यांनंतरही वाहत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शेजारच्या बाळाला वण नाही म्हणून कुणी त्याला परत टोचायला सांगत असेल तर तसं करायची गरज नसते, हेही सांगून टाका.

पत्र : मी पेठ तालुक्यात आशा सेविका आहे. पाड्यावर लसीचा दिवस झाला की दुसऱ्या दिवसापासून माझं बाहेर पडणं मुश्कील. ‘तुझ्यामुळं पोर तापलं’ म्हणतात. मागच्या वेळी एका घरात आजीने सुजेवर बिब्बा लावला, कातडी गेली, आणि तेही माझ्याच नावावर. या वेळी चार बाया येणारच नाही म्हणाल्या. काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या बाळाचं. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. जखम अजून ओली असेल तर साध्या पाण्याने धुऊन आरोग्य केंद्रात दाखवा, त्यावर पुन्हा पाल्याचा रस लावू देऊ नका. आजीला रागावू नका. ती जखम तिलाही दिसते आहे. आणि हे तुमच्या सिस्टरांना सांगून नोंदवून घ्या. लसीनंतर काहीही झालं तर त्याची नोंद व्हायला हवी. लपवलं की ते तुमच्या अंगावर येतं, लिहिलं की खात्याचं होतं.

तुमच्या पत्राने मला माझं एक सत्र आठवलं. दिंडोरी तालुक्यातलंच, कांद्याच्या लागणीचे दिवस. बाया मजुरी बुडवून आलेल्या, प्रत्येकीला घाई. मीही घाईत. टोच, कार्डावर खूण, पुढची. कुणाला काही सांगितलं नाही. रात्री गावातली निम्मी पोरं तापली असणार. पुढच्या महिन्यात निम्म्या बाया आल्याच नाहीत, आणि त्यांच्या दारात गेले तर एकीने आतून कडी लावली. तेव्हा आम्ही काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचो, सुया बोथट व्हायच्या, एखाद्या पोराला गळू व्हायचं आणि डॉक्टरांना चिरा द्यावा लागायचा. म्हणजे त्या बाईचं कडी लावणं अगदीच चुकीचं नव्हतं. आता एकदाच वापरून आपोआप लॉक होणारी सिरिंज आहे, गळू क्वचितच दिसतं. पण आजीच्या डोक्यात अजून तेच जुनं गळू आहे. तिला नवी सिरिंज दाखवा. दट्ट्या एकदा आत गेला की परत ओढता येत नाही, हे तिच्या हाताने करून बघू दे. सुई काढलेली, न वापरलेली एखादी बाद सिरिंज सिस्टरांकडून मागून घ्या.

चार गोष्टी सांगायच्या असतात, तुम्हाला प्रशिक्षणात पाठच केलेल्या: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, पुढची कधी, कार्ड जपा. अनुभवाने सांगते, दुसरी गोष्ट टोचल्यावर सांगून उपयोग नाही. पोर रडत असताना आईचे कान बंद असतात. आदल्या दिवशी बोलवायला जाता ना घरोघरी, तेव्हाच उंबऱ्यात बसून सांगा, आजीलाही बसवून, तुमच्या कोकणा बोलीत. ‘उद्या रात्री पोर तापेल, मांडी सुजेल. दोन दिवस ओलं फडकं ठेवायचं, शेक नाही, बिब्बा नाही. परवा सकाळी मी येऊन बघीन.’ आधी सांगितलेला ताप हा तुमचा अंदाज असतो. नंतर सांगितला की ते निमित्त वाटतं. तुमच्या किटमध्ये पॅरासिटामॉल असतं, ते कोणत्या वयाला किती हे सिस्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच जा, शिव्या खायची तयारी ठेवून. पेन घेऊन जा. मांडीवर रेघ ओढलीत की आई दिवसभर ती रेघ बघत बसते आणि संध्याकाळी स्वतःच तुम्हाला शोधत येते. त्या चार बायांपैकी जिची सासू सर्वांत जास्त बोलते, तिच्या घरापासून सुरुवात करा.

पुढचं सत्र कोणत्या तारखेला आहे ते संपादकांच्या नंबरवर कळवा. गुडघ्याने साथ दिली तर सकाळच्या एसटीने सावळघाट ओलांडून करंजाळीपर्यंत येते, तिथून पाड्यापर्यंत कुणाची तरी मोटरसायकल मिळवा. मी टोचणार नाही, बोलणारही नाही फारसं. लस झालेल्या आया अर्धा तास बसतील ना, त्यांच्याजवळ बसेन. तेवढी एक सतरंजी बाहेर उन्हात टाकून ठेवा.